बरी हाय, फादर

फादरला नाही म्हणायचं नसतं. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, ते अंगातच येतं. फादर दारात उभे राहून "काय, बरं आहे ना?" असं विचारतात, तेव्हा घरात कुणी तापाने फणफणत असलं तरी उत्तर एकच, "बरं आहे, फादर." मग खुर्ची पुसायची, सरबत करायचं, आणि ते निघाले की जमलंच तर चपला घालता घालता हळूच सांगायचं, धाकट्याला जरा ताप आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा. माझ्या वडिलांचं तोंड लकव्याने वाकडं झालं होतं. त्या वाकड्या तोंडाने त्यांनी आमच्या तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांना "बरं आहे" म्हटलेलं मी ऐकलंय. म्हातारे फादर आमच्याच लोकांत मुरलेले होते. ते "बरं आहे" ऐकून घ्यायचे, सरबत प्यायचे आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरला घेऊन यायचे.

मी ज्याच्याविषयी लिहिते आहे तोही फादरच. मी त्याला "तो" म्हणणार आहे. सव्वीस वर्षं पनवेलच्या शाळेत मराठी शिकवलं, मोठ्यांविषयी आदराने लिहावं म्हणून पोरांच्या वह्या लाल केल्या. पण हे लिखाण माझं आहे आणि इथे तो "तो"च राहील. ज्याला टोचेल त्याने पुढे वाचू नये.

आम्ही मूळचे उरणकडचे ख्रिस्ती. वडील लवकर गेले. आई करंजाहून सुकी मासळी आणायची आणि पनवेलच्या बाजारात पाटी लावून विकायची. बोंबील, जवळा, वाकट्या, सोडे. त्या पाटीवर माझं शिक्षण झालं. मी लग्न केलं नाही. नोकरी लागल्यावर नवीन पनवेलला दोन खोल्यांचं घर घेतलं, आईला म्हटलं आता पाटी सोड. ती म्हणाली, घरात बसून काय भिंती मोजू? सत्तरी ओलांडली तरी ती रोज रिक्षाने बाजारात जायची. आमच्या घराला, कपड्यांना, माझ्या शाळेच्या पर्सलाही सुकटीचा वास होता. शाळेतल्या बाया नाक मुरडायच्या. मुरडोत बापड्या.

तो आमच्याकडे बदलून आला तेव्हा त्याला मराठी धड येत नव्हतं. दुसऱ्या राज्यातला. दिसायला उंच, आवाज असा की माईकची गरज नाही. उपदेश करायला उभा राहिला की अर्धं इंग्रजी, पाव हिंदी, आणि उरलेल्या मराठीची हाडं मोडलेली. लोक माना डोलवायचे, कारण फादरसमोर मान डोलवायची असते. मग टाळेबंदी आली, चर्चला कुलूप लागलं आणि त्याने फोन स्टँडवर लावून मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, लोकांच्या घरात पोचवायला सुरुवात केली. मी त्याच सुमारास नोकरी सोडली होती. त्याचा मला फोन आला. म्हणाला, टीचर, तुम्ही मला मराठी लिहून द्या, मी वाचतो.

मी लिहून दिलं. हे कबूल केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्याचं जे मराठी पुढे गावोगाव गाजलं, ते माझं होतं. "दुःख दाराशी आलं तर त्याला पाट द्या, पण ताट देऊ नका" हे त्याचं वाक्य लोकांनी फोनच्या स्टेटसला लावलं. ते मी माझ्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहिलं होतं. आधी मी वहीत लिहायचे. मग कॅमेऱ्यासमोर ती काच आली, जिच्यावर अक्षरं सरकत जातात आणि बघणाऱ्याला वाटतं की माणूस आपल्या डोळ्यांत बघून मनातलं बोलतोय. सगळे तिला प्रॉम्प्टर म्हणायचे. अक्षरं सरकवायची कळ माझ्या हातात असायची. मी कंसात सूचनाही लिहायचे, इथे थांबा, इथे आवाज उतरवा. तो आधी एकदाही वाचून बघायचा नाही. आधी वाचलं की भाव मरतो, असं त्याचं म्हणणं. सुरुवातीला एकदा त्याने माझी सूचनाच मोठ्याने वाचली, "इथे डोळे मिटा." समोरच्या सगळ्या लोकांनी डोळे मिटले. तोही मग मिटून उभा राहिला. मी कळ हातात धरून हसू दाबत होते. काचेवर येईल ते तो वाचतो, हे मला तेव्हाच कळलं.

चॅनेल वाढत गेलं. विचुंब्याला नव्या बिल्डिंगमध्ये एका भाविकाने फ्लॅट दिला, त्याचा स्टुडिओ झाला. एका खोलीत वेदीचा देखावा, मागे निळा पडदा, खिडक्यांना गाद्या ठोकलेल्या. तो झगा बदलून आत आला की तिथली हवा बदलायची, हे मी नाकारणार नाही. आजारी माणसांसाठी त्याची प्रार्थना ऐकायला पुण्याहून, नाशिकहून माणसं येऊ लागली. मैदानं भाड्याने घ्यावी लागली. हळूहळू त्याने साक्षी सुरू केल्या. साक्ष म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. जुनी पद्धत आहे आमच्यात, चांगली पद्धत आहे. पूर्वी लोक दहा-वीस माणसांत सांगायचे आणि घरी जायचे. आता साक्षीला शीर्षक लागायचं, आणि शीर्षक मी द्यायचे.

आईच्या पायाच्या अंगठ्याला पाटीचा पत्रा लागला होता. तिला साखर होती. बाजारामागच्या दवाखान्यात ती एक दिवसाआड ड्रेसिंग करून घ्यायची, पोटात इन्सुलिन घ्यायची. डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागेल पण भरेल. त्या शनिवारी मैदानात आजाऱ्यांसाठी प्रार्थना होती. मीच तिला नेलं आणि ओळखीच्या जोरावर पहिल्या रांगेत खुर्ची मिळवून दिली. काखेत कळसा म्हणतात तसं, घरात डॉक्टरचा कागद असताना मी तिला मैदानात नेऊन बसवलं.

तो माईक घेऊन रांगांमधून फिरत आला. आईला तो ओळखत होता, तिच्या हातची सोड्यांची खिचडी त्याने आमच्याकडे किती वेळा खाल्ली होती. तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, पट्टी बांधलेल्या पायावर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली. मग माईक तिच्या तोंडापुढे धरला.

"मावशी, बरं आहे ना? दुखतंय का?"

"नाय फादर. बरी हाय."

तो उठून कॅमेऱ्याकडे वळला आणि दोन्ही हात वर केले. लोकांनी जयघोष केला. उठा मावशी, चाला, असं त्याने तिला सांगितलं आणि ती उठून चालली. त्याच पायाने ती रोज बाजारात जात होती, तिला चालायला कुणाच्या चमत्काराची गरज नव्हती. पण कॅमेऱ्याला ते कुठून कळणार? पांढऱ्या केसांची बाई, पायाला पट्टी, हात जोडलेले, चालते आहे. माझ्या बाजूची बाई ढसाढसा रडली.

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, खरंच दुखत नाही का आता?

"दुखतंय गो," ती म्हणाली. "पन चार लोकांत फादर इचारतोय. त्याला नाय कसा सांगू?"

आम्ही दोघी हसलो. रिक्षावाल्यालाही हसू आलं. आणि त्याच संध्याकाळी मी विचुंब्याला जाऊन त्या व्हिडिओखाली आईचे शब्द टाइप केले. ती म्हणाली होती, बरी हाय. मी लिहिलं, "मी पूर्ण बरी झाले." शीर्षक दिलं, "पायाची जखम क्षणात बरी, एका आईची साक्ष." माझा हात अडखळला का? जरासा अडखळला. तो मागे उभा होता, म्हणाला, सुंदर टीचर, आणि मला बरं वाटलं. सव्वीस वर्षांत कुठल्या हेडमास्तरने मला सुंदर म्हटलं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

व्हिडिओ बघता बघता सगळीकडे गेला. उरण नाक्यावर अनोळखी माणसं आईच्या पाया पडू लागली. बाजारात तिच्या शेजारी करंजाची एक कोळीण बसायची, वीस वर्षांची सोबत. तिने फोनवर पाहिलं आणि आईची थट्टा केली. ही थट्टा मला नंतर तिनेच रडत रडत सांगितली. ती म्हणाली होती, "मावशे, तू बरी झालीस ना? मंग पट्टी कशाला गो बांदतेस? फादरला खोटा पाडतेस काय?"

तिने ते गमतीत म्हटलं. आईने गमतीत घेतलं नाही. ती दवाखान्यात जायची बंद झाली. लोक बघतील, म्हणतील, हिचा विश्वास कच्चा, नाहीतर फादर खोटा. तिला तिसरं काही सुचलं नाही. इन्सुलिनच्या बाटल्या तिने फ्रीजमध्ये तशाच ठेवल्या, मला दिसाव्यात आणि शंका येऊ नये म्हणून. पायात माझे जुने शाळेचे मोजे घालू लागली. मी विचारलं की म्हणायची, भरत आलाय. आणि मी? मी सकाळपासून विचुंब्याला, त्या चॅनेलवर पुढच्या साक्षींना शीर्षकं देत बसलेली. जखम सडली की वास येतो, हे कुणीही सांगेल. पण आमच्या घरात जन्मापासून सुकटीचा वास. त्या वासाखाली दुसरा वास किती दिवस लपून राहिला ते मला माहीत नाही. ज्या दिवशी कळला त्या दिवशी मी मोजा काढला, आणि जे दिसलं ते इथे लिहिणार नाही.

आधी अंगठा कापला, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्याखाली. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणायचे, आता वर चढणार नाही. आई शुद्धीवर असली की मला एकच बजावायची.

"फादरला सांगू नको. त्याला वाईट वाटंल."

शेवटचं ती हेच बोलली. ज्याच्या भिडेपायी पाय गेला, त्याला वाईट वाटू नये याची काळजी करत ती गेली.

दफनाला तो आला. शवपेटीशी उभा राहून त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सांत्वनाचं पाहतोय. मग लक्षात आलं, काही लिहिलंय का, असं तो डोळ्यांनी विचारत होता. मी काही लिहिलं नव्हतं. दोन मिनिटं तो इंग्रजीमिश्रित काहीतरी बोलला, आणि आईवर माती पडली.

आठ दिवसांनी मी स्टुडिओत गेले. त्याला सगळं सांगितलं, रिक्षातल्या बोलण्यापासून मोज्यापर्यंत, आणि म्हटलं, आईचा तो व्हिडिओ आजच्या आज काढा. चॅनेलची चावी फक्त त्याच्याकडे होती, मला नुसतं लिहिता यायचं. त्याने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला की त्याला फार दुःख झालंय, पण ती साक्ष आता आपली राहिली नाही, तिच्यामुळे किती लोकांची श्रद्धा बळकट झाली. ती काढली तर त्यांनी काय समजायचं?

"आणि टीचर, मावशी पायाने गेल्या नाहीत. सर्टिफिकेट तुम्हीच दाखवलं होतं. त्यावर हृदय बंद पडलं असं लिहिलंय."

हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. मी हे त्याला म्हटलं नाही. मी म्हटलं, बरं फादर. तोंडातून तेच निघालं, बरं फादर. घरी येऊन मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, खरंच मारून घेतली, आणि त्याच वेळी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही. क्षमा करा, सात वेळा नाही तर सत्तर गुणिले सात वेळा, हे मला पाठ आहे. त्यावर त्याच्यासाठी तीन उपदेश मीच लिहिलेत. पाठ असणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. सगळ्यांना वाटलं, बाई कामात दुःख विसरते आहे. मी रोज त्याच्यासाठी गोड गोड मराठी लिहीत होते आणि दिवस मोजत होते. आमच्यात माणूस गेल्यावर महिन्याने त्याच्या नावाने मिस्सा होते. तोच म्हणाला, मावशींच्या महिन्याची मिस्सा मी चर्चमध्ये करेन, लाइव्ह करू. लोकांना त्यांची आठवण आहे. मी म्हटलं, तुमचे उपकार, फादर. मनात म्हटलं, ये, ये असाच ये.

मिस्सेमध्ये उपदेशानंतर सगळ्यांच्या वतीने प्रार्थना वाचतात. एकेक प्रार्थना संपली की लोक एका आवाजात म्हणतात, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." इतर ठिकाणी या प्रार्थना लोकांपैकी कुणीतरी उठून वाचतं. आमच्याकडे त्याच्या हातातून माईक सुटत नसे, त्यामुळे त्याही तोच वाचायचा, काचेवरून. मी पाच लिहिल्या. पहिल्या चार नेहमीच्या, धर्मसभेसाठी, देशासाठी, आजाऱ्यांसाठी, पावसापाण्यासाठी. लोकांची चाल लागू द्यायची होती. तो वाचत होता, लोक उत्तर देत होते, आवाज एका ठेक्यात चालला होता. मग मी पाचवी सरकवली. काचेवर एका वेळी चार-पाच शब्दच दिसतात.

"ज्या मावशीची जखम बरी झाली असं मी सांगितलं, तिची जखम बरी झाली नव्हती," तो वाचत गेला, त्याच भरदार आवाजात, "माझा शब्द खोटा पडू नये म्हणून तिने औषध सोडलं. तिचा पाय कापला आणि ती वारली. प्रार्थना करू या, तिच्या आत्म्यासाठी, आणि मला क्षमा मिळावी म्हणून."

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक," सगळे म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांना ऐकू आलं. त्यालाही तेव्हाच ऐकू आलं. त्याने काचेकडे पाहिलं, पुढच्या ओळीसाठी. मी कळ दाबली नाही. तीच ओळ तिथे राहिली, "मला क्षमा मिळावी म्हणून." त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. ज्या माणसाने माझ्या शब्दांवर मैदानं हलवली, त्याच्याकडे एक शब्द नव्हता. आई गेल्यापासून मला पहिल्यांदा पोटभर श्वास आला. मी हे लाजून लिहीत नाही. फार गोड असतं ते.

मग तो रडला. वेदीवर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून, खांदे हलवत. ते रडणं खरं होतं का? खरं असेल तर मला त्याचा जास्त राग येतो, कारण पुढे त्या खऱ्या अश्रूंचं त्याने जे केलं ते खोट्याचं केलं असतं तर परवडलं असतं.

मला वाटलं होतं, संपला. वरून विचारणा होईल, चॅनेल बंद पडेल. झालं उलटंच. तो रडतानाचा तुकडा कुणीतरी कापला, "फादरांची जाहीर कबुली" असं त्याला नाव दिलं, आणि आईच्या व्हिडिओला आयुष्यात मिळाले नसतील इतके लोक तो बघून गेले. केवढं मन, केवढी नम्रता, चूक सगळ्यांसमोर कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. ख्रिस्ती नसलेले लोकही लिहू लागले. दुसऱ्या चॅनेलवाल्यांनी त्याला मुलाखतीला बोलावलं. तिथे त्याला विचारलं, हे धैर्य कुठून आलं? तो म्हणाला, आतून एक आवाज आला. तो आवाज माझा होता आणि तो आतून नाही, काचेवरून आला होता. मी त्याला पाडायला गेले आणि त्याची पायरी होऊन बसले. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बायका माझे हात धरून म्हणू लागल्या, तुझ्या आईचं नशीब, असे फादर लाभले.

आणि आईचा व्हिडिओ होता तिथेच होता. "क्षणात बरी." कबुली वर, चमत्कार खाली, दोन्ही चालू. एकाच दुकानात औषधही आणि विषही.

मी काम सोडलं. त्याने दुसरा लिहिणारा नेमला. तीनेक महिन्यांनी त्याचाच फोन आला. त्याने क्षमेवर नवी मालिका सुरू केली होती. म्हणाला, टीचर, तुमच्याशिवाय ती पूर्ण होणार नाही. तुम्ही येऊन साक्ष द्या, की तुम्ही मला क्षमा केली. मग त्याने पुढचं सांगितलं.

"तुमची साक्ष आली, की मावशींचा व्हिडिओ मी त्याच दिवशी काढतो. शब्द देतो."

मी रात्रंदिवस त्याच एका गोष्टीसाठी जळत होते आणि त्याने ती ताटात वाढून पुढे केली. दोन दिवस मी विचार केला. एक खोटं वाक्य बोलायचं आणि दुसरं खोटं कायमचं पुसायचं. हिशेबाला वाईट नव्हतं. मी होकार दिला. जाताना आईची चांगली साडी नेसले.

दुपारची वेळ होती. निळ्या पडद्यापुढे दोन खुर्च्या, एकीवर तो, एकीवर मी. कॅमेरा माझ्यावर आणि काच माझ्याकडे तोंड करून. पहिल्यांदाच मी त्या काचेच्या या बाजूला बसले होते. समोरची माणसं लाइव्ह चालू झाल्याची खूण करून गप्प झाली. त्याने सुरुवातीचं बोलून घेतलं, आईची गोड आठवण काढली, सोड्यांच्या खिचडीसकट. मग माझ्याकडे वळला, माझा हात हातात घेतला आणि अगदी त्याच आवाजात, मैदानात गुडघ्यावर बसून काढला होता त्याच आवाजात विचारलं.

"टीचर, आता बरं वाटतंय ना?"

काचेवर माझं उत्तर आलं. "होय फादर. मी मनापासून क्षमा केली आहे. आता मला पूर्ण बरं वाटतंय." पूर्ण हा शब्द बघून मला माझाच वास आला.

आणि एक सांगते, ते उत्तर वाचायची मला गरजच नव्हती. ते घशापर्यंत आपोआप चढलं होतं. काच नसती तरी मी तेच बोलले असते. फादर विचारतोय, हात धरलाय, लोक बघतायत, बरं आहे फादर. माझ्या आईची त्या क्षणी काय गत झाली होती ते मला तोवर कळलंच नव्हतं. मी तिला मनातून दोष देत आले होते, एवढं साधं नाही म्हणता आलं नाही म्हणून. मी शिकलेली बाई, सूड घ्यायला आलेली, आणि माझ्याही जिभेवर तेच आलं.

मी काचेवरून नजर काढली आणि त्याच्याकडे बघितलं.

"नाय फादर," मी म्हटलं. "बरी नाय."

घरात आई बोलायची तशी मी बोलले. बाहेर कुणाशी असं बोलायचं मी शाळेतच सोडून दिलं होतं. त्याने माझा हात सोडला नाही, उलट घट्ट केला, हसला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मी त्याला वेळ दिला नाही.

"आय पन बरी नवती. तुमी इचारलात म्हनून बोलली. आनि ती कबुली तुमची नाय, फादर. ती मी लिवलेली. तुमी फक्त वाचलीत."

त्याने काचेकडे पाहिलं. काच माझ्याकडे तोंड करून होती. तिच्यावर अजून "पूर्ण बरं वाटतंय" हेच होतं, आणि तेही त्याला उलट्या बाजूने दिसत होतं. मग कॅमेऱ्याकडे, मग दाराकडे. शेवटी त्याने त्याच्या मोडक्या मराठीत म्हटलं, टीचर, आपण प्रार्थना करू. मी म्हटलं, नाही. एकदा जमलं की सोपं जातं. मी पदर नीट केला, उठले आणि कॅमेऱ्यासमोरूनच बाहेर पडले, दुसरी वाट नव्हती.

पुढे त्याने तो भाग काढून टाकला, पण लाइव्ह बघितलेल्यांनी साठवून ठेवलाच होता. लोकांनी त्याला जुन्या उपदेशांबद्दल विचारायला सुरुवात केली, हे कुणी लिहिलं, ते कुणी लिहिलं. मालिका थांबली. सध्या तो विश्रांतीसाठी बाहेर गेलाय म्हणतात. गेला असेल. परत येईल तेव्हा काचेसकट येईल हेही मला ठाऊक आहे, आणि मी पनवेल सोडून कुठे जाणार नाही.

आईचा व्हिडिओ मात्र त्याच संध्याकाळी निघाला. शब्द पाळला म्हणून नव्हे, भीतीने. मी फोनवर शोधला, नव्हता. परत शोधला. मग लक्षात आलं की आईचा आवाज माझ्याकडे दुसरा कुठेच नाही. तिने कधी फोनवर काही बोलून ठेवलं नाही, मी कधी टिपला नाही. इतकी वर्षं लोकांचे आवाज टिपण्यात गेली. जगात तिचे चारच शब्द राहिले होते, ते मीच पुसायला लावले.

बाजारात ती कोळीण अजून तिथेच बसते. शेजारची जागा तिने कुणाला दिलेली नाही. परवा तिने मला बोंबील बांधून दिले आणि विचारलं, बरी हायस ना गो? मी म्हटलं, नाय. ती म्हणाली, मग बस इथं जरा. मी आईच्या जागेवर बसले.